गाडीत बसल्याचा गुन्हा

माझ्या मुलावर इंग्लंडात खटला झाला तो दारू पिऊन गाडी चालवल्याचा नव्हता, गाडीत बसल्याचा होता. हे सांगितलं की आता लोक हसतात. तेव्हा घरात कुणी हसत नव्हतं.

आम्ही लंडनजवळ रीडिंगला राहत होतो. मुलगा, सून, नात आणि मी. नवरा गेल्यावर मुलाने मला इचलकरंजीहून कायमची तिकडं नेली. इचलकरंजीच्या घराला कुलूप घातलं आणि किल्ली शेजारणीकडे ठेवली. रीडिंगचं घर रांगेतलं, एकाला एक चिकटलेलं. पुढे अंगण नाही, दार उघडलं की फुटपाथ आणि फुटपाथाला लागून आमची गाडी. सकाळी ती तिघं आपापल्या वाटेने गेली की मी एकटी. मला इंग्रजी येत नाही. शाळा चौथीपर्यंत, तीही मराठी. गाडी येत नाही, थंडीत गुडघे वाकत नाहीत. खिडकीत बसायचं आणि रस्ता बघायचा, तोही रिकामा. आठवड्यात बाहेर जाणं एकदाच. शनिवारी दुपारी कोपऱ्यावरच्या गुजराती बाईकडे भजन असायचं, तिथे.

मुलगा पितो हे मला तो कॉलेजात होता तेव्हापासून माहीत. मला माहीत नाही असं त्याला वाटायचं. आमच्यात असंच असतं. मोठ्या माणसांसमोर पीत नाहीत, पिऊन समोर येत नाहीत. वास आला तर मोठी माणसं दुसरीकडे बघतात. याला मान राखणं म्हणतात. मुलगा चाळिशीला आला, डोक्यावरचे केस गेले, तरी रात्री बाहेर पिऊन आला की बडीशेप चावत, मान वळवून जिन्यावरून वर जायचा. मी टीव्हीकडे बघायची. टीव्हीवर काय चाललंय ते मला कळत नसायचं, पण बघायची.

त्या शनिवारी त्याच्या ऑफिसातला एक नागपूरचा माणूस परत भारतात चालला होता, म्हणून दुपारी पबमध्ये जेवण होतं. पब चालत जाण्याइतका जवळ. मुलगा चालत गेला, चालत आला. गाडी दारातच उभी होती, तिला त्याने हात लावला नव्हता. सून नातीला पोहायला घेऊन गेली होती. त्याचा हिशोब असा की भर दुपारी एकट्या आईसमोरून जाण्यापेक्षा थांबावं, ती थोड्या वेळात भजनाला जाईल, मग आपण घरात जाऊन झोपू. तोवर बाहेर थंडी. घराची आणि गाडीची किल्ली एकाच कड्यात. तो गाडीत बसला, हीटर लागावा म्हणून इंजिन चालू केलं, सीट मागे पाडली आणि झोपला.

मी त्या दिवशी भजनाला गेलेच नाही. फुटपाथावर बर्फ कडक झालं होतं. मी खिडकीतून बघितलं, गाडीतून धूर निघतोय, आत हा आडवा. मला कळलं का बसलाय ते. मी बाहेर जाऊन काच ठोकली असती तर त्याला माझ्यासमोर तसंच उभं राहावं लागलं असतं. मी गेले नाही. चहा टाकला.

समोरच्या घरात एक म्हातारा गोरा राहायचा, भला माणूस. त्याने बघितलं की गाडी चालू आहे आणि माणूस हलत नाही. काच वाजवली, हा उठला नाही. म्हाताऱ्याला वाटलं याने जिवाचं काही करून घेतलं. त्याने फोन केला. अँब्युलन्स आली, तिच्यामागे पोलीस. अँब्युलन्सवाल्यांनी मुलाला उठवला, ठीक आहे म्हणाले आणि गेले. पोलिसांनी नळीत फुंकायला लावलं. मी दारात उभी होते. मुलगा मोज्यांवर फुटपाथावर उभा होता, बूट काढून बाजूच्या सीटवर ठेवले होते. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. त्याला तसाच नेला, बूट एका पोलिसाने हातात घेतले. दुसऱ्या दिवशी सोडला तेव्हा कोर्टाची तारीख घेऊन आला.

सॉलिसिटर पंजाबी होता. तो घरी आला आणि मला कळावं म्हणून हिंदीत बोलला, त्याबद्दल मी त्याला दोनदा चहा दिला. त्याने सांगितलं ते असं. या देशात दारू आणि गाडीचे गुन्हे वेगवेगळे आहेत. पिऊन गाडी चालवली तर लायसन्स निदान वर्षभर जातंच, त्यात मॅजिस्ट्रेटच्या मनावर फारसं काही नसतं. दंड होतो, फारच प्यायला असेल तर तुरुंगही. फुंकायला नकार दिला तर तोही वेगळा गुन्हा, वाचाल असं समजू नका. आणि तिसरा, हलका, आपला. गाडी चालवली नाही, पण पिऊन रस्त्यावरच्या गाडीचा ताबा तुमच्याकडे होता. यात लायसन्स काढून घेतीलच असं नाही, पण नाही घेतलं तर लायसन्सवर शिक्षेचे दहा पॉइंट लावतात.

"मग हलकाच की," मी म्हटलं.

तो म्हणाला, "माँजी, इसका लायसन्स नया है."

मुलगा तिकडे बरीच वर्षं ट्रेननेच फिरला होता. गाडी शिकला ती ब्रिस्टलच्या बाजूचं काम मिळाल्यावर. विमानांचा कारखाना, स्टेशनपासून लांब. परीक्षा पास होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आणि पहिल्या दोन वर्षांत सहा पॉइंट झाले की लायसन्स रद्द, पुन्हा शिकाऊ. म्हणजे दहा पॉइंट लागले काय आणि लायसन्स काढून घेतलं काय, आमच्यासाठी एकच. लायसन्स गेलं की ब्रिस्टल गेलं. कंपनीत तेव्हा माणसं कमी करणं चाललंच होतं, त्यांना कारण हवंच होतं. नोकरी गेली तर घर सोडायचं आणि सगळं गुंडाळून परत यायचं, हे सून रोज रात्री जेवताना बोलून दाखवायची.

सुटायचा मार्ग एकच, सॉलिसिटर म्हणाला. दारू उतरेपर्यंत हा गाडी चालवण्याची शक्यताच नव्हती, हे आपण दाखवून द्यायचं. ते पोलिसांनी नाही, आपण. त्यासाठी हा गाडीत का बसला होता ते सांगावं लागेल.

मुलगा म्हणाला, थंडी वाजत होती म्हणून.

"तुझं घर दारात होतं," सॉलिसिटर म्हणाला. "आत का नाही गेलास?"

मी समोर बसलेली. सून एकदा मुलाकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. तिलाही माहीत होतं, मलाही माहीत होतं, आता त्या पंजाब्यालाही कळलं होतं. बोलत कुणीच नव्हतं. शेवटी मुलगा इंग्रजीत काहीतरी म्हणाला. सुनेने नंतर मला सांगितलं, गुन्हा कबूल करतो म्हणाला. आईला कोर्टात उभी करणार नाही म्हणाला.

त्या रात्री खालच्या खोलीत दोघांचं भांडण झालं. मला वरपर्यंत ऐकू येत होतं.

"तुला आईसमोर एक वाक्य बोलायची लाज वाटते म्हणून मी मुलीची शाळा सोडायची?" सून म्हणत होती. "अरे, त्यांना माहीत आहे. सगळ्या रीडिंगला माहीत आहे."

"आईला माहीत नाही," मुलगा म्हणाला.

मी पडल्या पडल्या विचार केला. खोटं कशाला सांगू, पहिला विचार आला तो माझा. याने गुन्हा कबूल केला, नोकरी गेली, तर सगळी परत येतील आणि त्यांच्याबरोबर मी. कुलूप काढीन, खिडक्या उघडीन, कुणाशी बोलायला दुभाषा लागणार नाही. मी नुसती गप्प बसले तरी पुरे होतं. गप्प बसायची मला सवयच होती. पण नातीला मराठी वाचता येत नव्हतं, सुनेची नोकरी चांगली चालली होती, आणि मुलगा परत आला असता तर हरून आला असता. हरलेला पुरुष घरात असला की काय होतं ते मी माझ्या भावाच्या घरी बघितलं होतं. सकाळी मी सुनेला म्हटलं, त्या सरदाराला फोन कर, मी येते.

"आई, तो सरदार नाही."

"जो असेल तो."

मुलगा माझ्याशी त्यावर एक अक्षर बोलला नाही. कबुलीचा विषय मात्र त्याने पुन्हा काढला नाही.

कोर्टात साक्षीदाराला आधी आत घेत नाहीत. मुलाची जबानी चालली तेव्हा मी बाहेर बाकावर. तो काय बोलला ते मला तेव्हा कळलं नाही, आजवर विचारलंही नाही. मग मला बोलावलं. समोर तीन मॅजिस्ट्रेट, मधली बाई. माझ्यासाठी लंडनच्या इल्फर्डहून एक मराठी बाई दुभाषी म्हणून आणली होती, चांगल्या घरची, हळू बोलणारी. गीतेवर हात ठेवणार का असं तिने विचारलं. मी म्हटलं, खोटं बोलायचं असेल तर कशावरही हात ठेवता येतो. ते तिने इंग्रजीत सांगितलं नाही. गीता पुढे केली.

आमच्या सॉलिसिटरने आधी विचारलं, काय बघितलंत. मी सांगितलं. इंजिन चालू होतं, सीट पाडली होती, बूट काढले होते. गाडी चालवणारा बूट काढून बसत नाही.

मग सरकारतर्फे एक तरुण मुलगी उठली. गोड आवाजाची. दुभाषीने मराठीत सांगितलं, "आपल्या मुलाच्या मद्यपानाविषयी आपल्याला कल्पना होती का, असं विचारतायत."

"दारू म्हण ना बाई," मी म्हटलं. "होती. कॉलेजात होता तेव्हापासून."

मुलगा आरोपीच्या पिंजऱ्यात, काचेच्या पलीकडे उभा होता. मी तिकडे बघितलं नाही.

मग त्या मुलीने विचारलं, तो तसा घरात आला असता तर तुम्ही काय केलं असतं? आवाज गोडच होता, पण मी सासुरवास केलेली बाई आहे, प्रश्न कुठून येतो ते मला कळतं. मी म्हटलं असतं की मी आकाशपाताळ एक केलं असतं, तर ती म्हणणार, बघा, इतका घाबरतो, आईने दार उघडलं असतं तर गाडी घेऊन पळाला असता. आणि काही केलं नसतं म्हटलं, तर ती विचारणार, मग तो बाहेर बसला कशाला? दोन्हीकडून बंद. सॉलिसिटरने मला काही शिकवलं नव्हतं, तशी परवानगी नसते. तो कागदांकडे बघत बसला होता.

मी म्हटलं, "मी त्याला जेव म्हटलं असतं. मी असं म्हणेन हे त्याला माहीत नाही, म्हणून तो बाहेर बसला. मी भजनाला जायची वाट बघत होता. त्याला घरात यायचं होतं हो. ज्याला घरात यायचंय तो गाडी घेऊन जाईल कुठं?"

दुभाषीने ते सांगायला वेळ घेतला. मधल्या बाईने काहीतरी लिहिलं. ती मुलगी म्हणाली, आणखी काही विचारायचं नाही.

तिघं आत गेली आणि परत आली. मधली बाई बराच वेळ बोलली. मला कळलं ते सुनेच्या तोंडावरून. ती रडायला लागली, आणि ती आनंदाने रडते, दुःखात तिचं तोंड कोरडं पडतं. मुलगा सुटला. पॉइंट नाही, दंड नाही. सॉलिसिटरने माझे दोन्ही हात धरले. सोमवारी मुलगा ब्रिस्टलला गेला. सुनेने इचलकरंजीला शेजारणीला फोन लावून दिला, मी तिला सांगितलं, किल्ली अजून ठेव तुझ्याकडेच.

त्या दिवशी कोर्टातून घरी येताना मुलगा गाडी चालवत होता, मी मागे. अर्ध्या वाटेत तो म्हणाला, "बाबांना माहीत होतं?"

"त्यांनीच मला सांगितलं," मी म्हटलं.



त्यानंतर तो मान वळवून जिन्यावरून वर जाईना. ते बंदच झालं, आणि त्याच्या जागी दुसरं काही सुरू झालं नाही. उन्हाळ्यात एका शनिवारी कुणाचा तरी वाढदिवस होता, तिथून पिऊन आला. बडीशेप नाही, काही नाही. सरळ आत आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. मी टीव्हीकडे बघायला लागले, पण आता त्याचा उपयोग नव्हता, मी टीव्ही बघत नाही हे त्याला दिसत होतं. तो तिथेच उभा. त्याला वर जाता येईना, मला उठता येईना. सून स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात लावायला लागली.

"आई," तो म्हणाला, "मी वर जाऊन झोपू?"

घर त्याचं, खाट त्याची.

"आधी जेव," मी म्हटलं.

तो बसला. मी वाढलं. त्याने मान खाली घालून खाल्लं, मी समोर बसले. त्याला पुरे म्हणता येत नव्हतं, म्हणून मी वाढत राहिले.