रेफरीचे तीन
पनवेलचं घर रिकामं करताना कुस्तीच्या व्हिडिओ गेमचे दोन कंट्रोलर सापडले. अम्मी थोरल्या भाईचे हात चोळायची, त्या तेलाचा वास एकाला अजून होता. मामूंनी कुवेतहून आणलेल्या त्या गेममधले प्रेक्षक पुठ्ठ्याचे वाटायचे, पण पैलवान मात्र आपल्याला हवा तसा घडवता यायचा. स्नायू झिजवणाऱ्या आजाराने खाटेला खिळलेल्या भाईने स्वतःच्याच चेहऱ्याचा, रुंद खांद्यांचा पैलवान घडवला होता. खोट एकच होती, चीत झाल्यावर रेफरीचे तीन मोजून हरायच्या आत सुटायला बटण भराभर दाबावं लागायचं आणि त्याचा अंगठा तेवढा चालत नव्हता. म्हणून रेफरीने दोन म्हणताच त्याच्याविरुद्ध खेळणारा मीच त्याला सोडायचो. एका दुपारी तो म्हणाला, "मेहेरबानी नको करूस. तीन होऊ दे." मी होऊ दिले. त्याने कंट्रोलर खाली ठेवला, तो पुन्हा कधी उचलला नाही. आज पाहिलं तर माझ्या कंट्रोलरवरच्या त्या सुटायच्या बटणावरची खूण पार पुसली गेलीय, आणि त्याच्या बटणावरची अजून नव्यासारखी आहे.