पाणी मागून सांगायची बातमी

दिवाकर केकऱ्यांनी दारात उभं राहून पाणी मागितलं की त्या घरातल्या बाईच्या हातातलं लाटणं थांबायचं. इंदूरच्या एका कापड गिरणीत ते टाइमकीपर होते. पण गिरणीत कुणाचा हात पट्ट्यात सापडला, कुणी छातीत कळ येऊन कापड विणायच्या साच्यापाशीच आडवा झाला, की घरी निरोप न्यायला मॅनेजर त्यांनाच पाठवायचा. केकऱ्यांना बोलता येतं, म्हणून. आधी ते पाणी मागत. मग मुलांच्या शाळेची, गावाकडच्या पेरणीची चौकशी करत. मग 'जरा लागलंय' म्हणत. मग वाटेत केव्हातरी 'जरा जास्तच लागलंय'. दवाखान्याच्या फाटकापाशी पोचेपर्यंत उरलेलं बाईला आपोआप कळलेलं असे. वाईट बातमी अंगावर फेकायची नसते, तान्हं मूल दुसऱ्याच्या हातात द्यावं तशी द्यायची असते, असं ते म्हणत. आणि सुदामा नगरातल्या मराठी घरांत हे शहाणपण मानलं जाई.

निवेदिता ही त्यांची एकुलती लेक. ती याच घरात वाढली, आणि बोलायची ही रीत तिनं आईच्या हातच्या वरणभातासारखी नकळत अंगी लावून घेतली.

ती कॉलेजात होती तेव्हा गिरणीचा भोंगा बंद झाला. एक गिरणी बसली, मग दुसरी, मग तिसरी. ज्या शहराला भोंग्यानं उठायची सवय होती, ते आता ज्याचं त्यानं उठू लागलं. केकरे तरी रोज आंघोळ करून, पांढरा सदरा घालून गिरणीच्या फाटकापर्यंत जाऊन येत. विचारलं तर म्हणत, "पाय मोकळे करून येतो." गिरणी पुन्हा सुरू होईल असं ते कधी बोलले नाहीत. पण सदरा रोज इस्त्रीचा असे.

त्याच वर्षांत सरकारनं विम्याचा धंदा खाजगी कंपन्यांना खुला केला, आणि त्या कंपन्यांना ॲक्चुअरी हवे झाले. ॲक्चुअरी म्हणजे किती माणसं किती वर्षं जगतील, किती मधेच जातील, याचा हिशेब मांडून विम्याचा हप्ता ठरवणारा. निवेदितानं संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. राजवाड्यामागच्या एका माडीवर जयेश मुळे नावाचा तिचा वर्गमित्र गणिताची शिकवणी चालवायचा. तीही तिथं शिकवू लागली, आणि दोघं मिळून त्या परीक्षांना बसू लागली. गणिताचे पेपर तिनं एकामागून एक काढले. जयेश तिच्या वह्या पाहून शिकला.

अडली ती एका पेपरात. त्यात गणित नव्हतं. त्यात पत्र लिहायचं असे. समजा विमा कंपनी यंदा पॉलिसीवरचा बोनस कमी देणार आहे. तर ज्याला यातलं काही कळत नाही अशा साध्या माणसाला ते समजावून सांगा. इतकंच.

निवेदितानं पहिल्या खेपेला फार सुंदर पत्र लिहिलं. आपण किती वर्षं आमच्यावर विश्वास टाकलात, बाजारात दिवस कसे येतात आणि जातात, असं वळणावळणानं नेत नेत चौथ्या परिच्छेदात बोनस कमी झाल्याचं हलकेच सांगितलं. नापास. दुसऱ्या खेपेला तिला वाटलं, आपण कठोर लिहिलं असावं. आणखी हळू गेली. नापास. जयेश पहिल्या फटक्यात सुटला होता. तिचं पत्र वाचून तो म्हणाला, "यार, तुझं पत्र वाचता वाचता त्या माणसाची पॉलिसी मॅच्युअर होऊन जाईल."

"तुझ्यासारखं लिहू? 'बोनस कमी. कारण खाली. आपला नम्र'?"

"पास तर मीच झालो ना."

निकालात गुण सांगत नसत. यादीत नंबर असला तर असला, नसला तर नसला. निवेदितानं फी भरून शेरा मागवला. एक ओळ आली: वाचणाऱ्याला पाचव्या परिच्छेदापर्यंत काय घडलं ते कळत नाही.

तिसऱ्या खेपेला तिनं मन घट्ट करून बातमी वर घातली, कारण दोन ओळींत उरकलं आणि सही केली. पुन्हा नापास. पुन्हा शेरा मागवला: सूर तुटक आहे, वाचणाऱ्याची कदर दिसत नाही.

ते दोन कागद तिनं माडीवरच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक म्हणतो हळू चाललीस, दुसरा म्हणतो पळालीस. तपासणारा एकच माणूस होता की दोन होते, म्हातारा होता की तरुण, जेवून तपासायला बसला होता की उपाशी, काही कळायला वाव नव्हता. ज्या देवाचं तोंड कुठल्या दिशेला आहे तेच ठाऊक नाही, त्याला हात कसे जोडायचे? आणि मुंबईच्या कंपनीनं कळवलं होतं की या खेपेला हा पेपर सुटला तर जागा तुमची, नाहीतर दुसऱ्याला देऊ. घर तर तिच्याच शिकवणीवर चाललं होतं.

तेव्हापासून भीती तिच्या बोलण्यात शिरली. आईकडे मीठ मागताना ती मधेच थांबे. आधी मीठ म्हणावं की आधी आमटी छान झालीय म्हणावं, हे ठरेना. पोरांना त्रिकोण शिकवताना वाक्य अर्धवट राही. रात्री डोळे मिटले की एक लाल पेन दिसे, आणि ते धरणाऱ्या हाताला पुढं माणूसच नसे. तिसऱ्यांदा नापास झाल्याचं तर तिनं घरी सांगितलंच नव्हतं. बापाच्या रीतीनंच ती पहिली पायरी उतरली होती, "निकालाला जरा उशीर आहे," आणि पुढच्या पायऱ्या तशाच राहिल्या होत्या.

चौथी परीक्षा आठवड्यावर आली होती. वैशाखातली भर दुपार. शिकवणीची पोरं गेली होती आणि ती एकटीच लिहीत बसली होती. जिन्यावर चप्पल वाजली. दारात केकरे उभे होते. ती माडी ते आजवर कधी चढले नव्हते.

"पाणी मिळेल का, बेटा?"

निवेदिता माठाकडे गेली. ती रीत तिला पुरती ठाऊक होती. ज्या बायकांच्या दारात ते असे उभे राहिले होते त्या बायका तिनं पाहिल्या होत्या. त्यांतल्या काही अजून संक्रांतीला तिळगूळ घेऊन येत.

"आई कशी आहे, बाबा?"

"आई आहे की घरी. तू जेवलीस का?"

"जेवले. आई ठीक आहे ना?"

"तिचं तर तुला माहीतच आहे. उन्हाळा पण किती वाढलाय या साली." ते बाकावर टेकले. पाणी दोन घोटांत प्यायले आणि गिलासाकडे बघत राहिले. "जयेश नाही आला?"

तिच्या डोळ्यांपुढं आई स्वयंपाकघरात पडलेली दिसली. मग गॅस. मग दवाखान्यातला पांढरा पडदा. मग तिरडीचे बांबूसुद्धा दिसले, आणि ते कोण आणणार हा विचारही येऊन गेला. बाप विचारत होता की पंखा केव्हा बसवला, आणि ती त्या तेवढ्या वेळात आईचे तेरा दिवस करून बसली होती.

"बाबा, काय झालं ते सांगा."

"जरा गिरणीकडे गेलो होतो."

"मग?"

"फाटक उघडं होतं. मला वाटलं..." ते थांबले. "साचे काढून राहिलेत, बेटा. कापून ट्रकात घालून राहिलेत. भंगारात."

आणि निवेदिता हसली. हसायचं तिच्या मनात नव्हतं. छातीवरचा दगड निघाला आणि त्याखालून ते हसू बाहेर पडलं. आई जिवंत होती. साचेच गेले होते फक्त.

केकऱ्यांनी वर पाहिलं. ज्या माणसानं सारं आयुष्य त्या साच्यांच्या आवाजात काढलं, त्याच्या दुःखावर त्याची लेक हसली होती. त्यांनी हातातला गिलास बाकाखाली नीट ठेवला आणि जिना उतरू लागले. ती मागून "बाबा, तसं नाही" म्हणत राहिली. तेही तिला नीट सांगता आलं नाही.

त्या रात्री तिनं आईबाबांना समोर बसवून पहिल्याच वाक्यात सांगितलं की ती तिसऱ्यांदा नापास झाली आहे आणि ही शेवटची संधी आहे. आई रडली. केकरे म्हणाले, "असं एकदम?" पण निवेदिता उठून गेली नाही. आईचं रडणं संपेपर्यंत, मग काय होईल, घर कसं चालेल, सगळं विचारून होईपर्यंत बसून राहिली.

पेपरातही तिनं तसंच केलं. पहिल्या ओळीत बोनस कमी झाल्याचं लिहिलं. मग उठून गेली नाही. का कमी झाला, काय शाबूत आहे, काळजी वाटली तर कुणाशी बोलायचं, हे समोर माणूस बसला आहे असं धरून लिहिलं. पण उत्तरपत्रिका देतानाही पूर्वीचे दोन्ही शेरे एकाच कागदावर येतील, असंच तिला वाटत राहिलं.

निकाल गणपतीत लागला. राजवाड्याजवळच्या सायबर कॅफेत पडद्यावर यादी वरून खाली इंच इंच उतरत होती, आणि तिच्या नंबराच्या आधीच्या नंबरावर येऊन अडकली. कॅफेवाला म्हणाला, "लाइन स्लो है, दीदी." तिला वाटलं, हाही बाबांच्याच तालमीतला. मग नंबर आला. होता. गुण नव्हते, कारण नव्हतं. कुणाला काय पटलं ते तिला तेव्हाही कळलं नाही आणि पुढंही कधी कळलं नाही.

ती टेम्पोनं थेट गिरणीवर गेली. गिरण्या बंद पडल्या, तरी त्यांचे कामगार अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीसाठी वर्गणी काढून झांकी, म्हणजे रोषणाईचा चित्ररथ, करतच होते. साच्यांच्या रिकाम्या जागेत यंदा कागदी लगद्याचा हत्ती उभा होता, आणि केकरे स्टुलावर चढून त्याच्या कानाला बल्बांची माळ बांधत होते. टेम्पोतून उतरून धावत आल्यानं निवेदिताच्या घशाला कोरड पडली होती. फाटकात उभं राहून ती म्हणाली,

"बाबा, पाणी आहे का?"

माळ त्यांच्या हातातून सुटली. ते स्टुलावरून उतरले ते बांबूला धरून. तोंड राखेसारखं झालं होतं. तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

"पास झाले, बाबा. पाणी खरंच हवंय."

"पुन्हा सांग."

"पास झाले."

त्यांनी सदऱ्याला हात पुसले. "म्हणजे मुंबई."

"हो, बाबा. मुंबई."

हत्तीमागून माणसं जमा झाली. साच्यावरचे जुने जॉबर, म्हणजे मुकादम, शामराव कपाळाचा घाम पुसत पुढं आले. "केकरेजी, काय झालं? बोला ना, भिया."

साऱ्यांना वाटलं, आता ते पेरणीपासून सुरुवात करतील.

"पोरगी पास झाली," केकरे म्हणाले. "मुंबईला जाऊन राहिली. घरात आता आम्ही दोघंच."

कुणी हसलं नाही, कुणी पेढे मागितले नाहीत. शामराव माठाकडे गेले, दोन गिलास भरून आणले. एक निवेदिताला दिला. दुसरा केकऱ्यांच्या हातात देऊन त्यांची बोटं आपल्या हातानं त्याभोवती आवळून धरली, कारण पाणी सांडत होतं.