पोटाला बांधलेली सूट

लग्नाला आठ वर्षं होऊनही कूस उजवली नाही, तेव्हा गावातल्या बायांनी मला एकेका गोष्टीतून सूट द्यायला सुरुवात केली. कुणाकडे डोहाळजेवण असलं की आदल्या दिवशी निरोप यायचा, "उन्हातान्हाची काहून तकलीफ करता? तुमी नसल्या तरी चालंल." बारसं असलं तरी तेच. किती गोड बोलायच्या मेल्या! मागितलेली सूट कधी मिळत नाही आणि न मागितलेली दारात येऊन बसते, हे मी तेव्हाच शिकले.

सासर आमचं आखाडा बाळापूरकडचं आणि माहेर पैनगंगेच्या पल्याड, वऱ्हाडात. निजामाचं राज्य जायच्या आधीचा तो उन्हाळा. सगळीकडे गडबड, नदीवरच्या नाक्यावर येणं-जाणं बंद केलेलं. तशात चोरूनमारून निरोप आला, की मायनं अंथरूण धरलंय, अन्न सोडलंय, भेटायचं तर लौकर ये. मी नुसती घरात येरझाऱ्या घालत होते. नदीत घोटाभर पाणी नव्हतं. शेळीसुद्धा ओलांडून गेली असती, मला मात्र बंदी. भिंतीवर डोकं आपटावं वाटायचं.

शेवटी आत्याबाईच, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "नाक्यावरचे लोक दोघांनाच सोडून राहिले. त्यांच्या सायबाला, आन् बाळंतपणाला माहेरी निघालेल्या बाईला." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग उठून गादी उसवली, आतला कापूस जुन्या लुगड्यात भरला आणि माझ्या पोटाला घट्ट बांधला. एरवी उठता-बसता टोचून बोलणारी बाई, त्या दिवशी गाठ टोचत नाही ना, ते दोनदा बघत होती.

दिरांनी गाडी नाक्यापर्यंत आणली. बापयांना पुढे सोडत नव्हते. म्हातारा शिपाई मला बघून चटकन उठला. "बैठो बेटी, पानी पियो," म्हणत त्यानं स्वतःची बाज सावलीत ओढून दिली. अडवलेल्या बाया तिथंच लिंबाखाली बसल्या होत्या. त्यातली एक उठली आणि गाठोड्यातली मूठभर ज्वारी तिनं माझ्या ओटीत घातली. "लेकरू घेऊनच ये माय," म्हणाली. कितीतरी वर्षांनी कुणी माझी ओटी भरली होती. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. आणि लगेच इतकी लाज वाटली, की वाळू तुडवताना मी मागे वळून बघितलं नाही.

माहेरी पोचले की आधी गोठ्यात जाऊन ते सोडायचं, असं ठरवलं होतं. पण मायची बाज ओसरीतच. तिनं मला दारातच पाहिलं, जवळ बोलावलं, पोटावर हात ठेवला आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. "देव पावला गं बये!" अन्नाला शिवत नव्हती ती बाई, वाटीभर आंबील प्यायली. दादानं, माझ्या भावानं, मला बाजूला घेतलं, तेव्हा मी त्याला खरं ते सांगितलं. "ऱ्हाऊ दे आता. तेवढ्यावर जगंल ती."

घ्या! नाक्यातून सुटले आणि इथं अडकले. वैशाखाचं ऊन, पोटाला गादीचा कापूस, अंगभर घामोळं उठलेलं. रात्रीही सोडता येईना, कारण माय मला बाजेला बाज लावून झोपवायची. सारखी विचारायची, "हालतं का गं?" मी म्हणायची, "हालतंय." शेजारणी ओटी भरायला यायच्या. ओरडून सांगावंसं वाटायचं, की अगं कापूस आहे हा, कापूस! पण आंबिलीची वाटी रिकामी झालेली दिसली की मी पदर पुढे करायची.

एका दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मायला धाप लागली होती. तिनं मला खुणेनं वाकायला लावलं, पाठीमागं हात नेला आणि गाठ चाचपली. बोटांत जोर नव्हता, तरी ती गाठच सोडत होती.

"सोड आता ते," ती म्हणाली. "किती घामेजलीस. मी काय नाक्यावरचा शिपाई हाय व्हय?"

मला हुंदका आवरेना. "तुला कव्हा कळलं गं?"

"पयल्याच दिवशी. पाच लेकरं जन्माला घातली म्या."

"मग बोलली काहून न्हाईस?"

तिनं डोळे मिटले. "बाया तुझी ओटी भरून राहिल्या व्हत्या," ती म्हणाली. "म्हनलं, भरू द्यावी."