सातजणींचा बाक

मठपती बाई वर्गात शिरल्या की हजेरी घ्यायच्या आधी दोन बाक जोडून त्यावर सात मुली बसवत आणि आठवी जागा मुद्दाम मोकळी ठेवत. "हे क्लोरीनचं सगळ्यात बाहेरचं कवच. सात इलेक्ट्रॉन हाईत, एक कमी. तेवढी एक जागा भरल्याबिगर ह्यो गप बसत न्हाय." मग पलीकडच्या बाकावर एकट्या बसलेल्या सुनंदाकडं हात करून म्हणत, "ती सोडियमची. एकटीच हाय, जाऊ दे की." सुनंदा पळत येऊन आमच्यात घुसे, आम्ही ढकलाढकली करून तिला जागा देत असू, आणि शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहत.

बाई गडहिंग्लजकडच्या. इरकली साडी, निरीत खोचलेला खडू आणि खणखणीत आवाज. स्वतःबद्दलही त्या पुरुषासारखं 'मी आलो, मी गेलो' म्हणत. नव्वदच्या दशकात शाहूपुरीतल्या आमच्या शाळेत त्या नववीला विज्ञान शिकवत.

हेडमास्तरांना हा धिंगाणा सहन होईना. त्यांनी संस्थेकडं लेखी तक्रार केली. बाईंची बदली दूरच्या शाखेत होणार, अशी कुणकुण आमच्यापर्यंत आली. त्या मात्र म्हणाल्या, "तिकडंबी बाक असत्यात की."

संस्थेचे साहेब तपासणीला आले, त्या दिवशी नेमकी सुनंदा घरच्यांबरोबर जोतिबाला गेलेली. आम्ही सातजणी बसलो होतो. आठवी जागा तशीच. हेडमास्तर मागं हात बांधून उभे. बाईंनी वर्गावरून नजर फिरवली आणि साहेबांना म्हणाल्या, "पावणं, बसा की. क्लोरीनला एक कमी हाय."

हेडमास्तर लगबगीनं पुढं सरसावले. साहेब क्षणभर घुटमळले आणि खरंच येऊन बसले, माझ्या शेजारी, गुडघे छातीशी घेऊन. तिथूनच त्यांनी मला विचारलं, "सात आहेत, मग सातही देऊन मोकळा का होत नाही हा?"

मी बाईंकडं बघितलं, तर त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी म्हणाले, "सात काढून टाकायला फार ऊर्जा लागते सर. एक घेणं सोपं."

"बरं. आता आठ झाले. म्हणजे हा अर्गॉन झाला?"

बाक एका सुरात 'हो' म्हणणार, तेवढ्यात मी शेजारणीला चिमटा काढला. "नाही सर. मांडणी अर्गॉनसारखी झाली, पण केंद्रकात प्रोटॉन सतराच आहेत. इलेक्ट्रॉन अठरा. म्हणून ऋण प्रभार आला. हा क्लोराइड आयन."

साहेबांनी बसल्या जागीच शेरा लिहिला, 'वर्गात गोंगाट आहे. विषय समजला आहे.' हेडमास्तरांनी शिक्षकांपुढं त्यातलं पहिलंच वाक्य वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी दोन्ही वाक्यं आमच्या फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिली आणि खाली लिहिलं, 'पुसू नये.' बदली झाली नाही.

दोन हजार सालानंतर त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला मी गेले होते. शाल-श्रीफळ झालं, बायकांनी रुमाल काढून ठेवले. बाई बोलायला उभ्या राहिल्या.

"तीस वर्षं मी पोरींना सांगितलो, अणूला इलेक्ट्रॉनची हाव असती. खोटं हाय ते. अणूला मन न्हाय, हाव कुठली आली? ऊर्जा कमी व्हती तिकडं त्यो जातो, एवढंच. सोपं करायच्या नादात खोटं बोललो. जी जी माझ्या हाताखालनं गेली, तिनं दुरुस्त करून घ्यावं." एवढं बोलून त्या खाली बसल्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कुणालाच कळेना.

त्यानंतर वर्षभरात त्या गेल्या. मी आता गडमुडशिंगीच्या शाळेत विज्ञान शिकवते. पहिल्या तासाला मुलींना तेच खोटं सांगते, आणि परीक्षेआधी दुरुस्त करते. तीस वर्षं थांबायची माझी छाती नाही.