माह्या बाजूचा दाता

हे मी आजपर्यंत कोणालेच सांगितलं नाई. नवऱ्याले नाई, आईले नाई. आज सांगून राह्यली, अन् मधात थांबणार नाई.

आमी आरमोरीचे, कोशाच्या रेशमाची लुगडी विणणारे. लुगड्याच्या दोन्ही काठांले करवतीसारखे दाते असतात. त्यासाठी मागावर दोघी लागतात — एक डावीकडं, एक उजवीकडं, आपापल्या काठाचा धोटा जिच्या तिच्या हातात. माही मोठी जाऊ सुमनबाई उजवीकडं बसे, मी डावीकडं. लग्न होऊन आली तेव्हा मले धोटा धरताही येत नव्हता. तिनंच शिकवलं. बारा वेळा धोटा फेकला का एक दाता पुरा. "तोंडानं मोज, मनात नको मोजू," म्हणे. कधी चिडली का माह्यावर? कधीच नाई. चिडकी तर मी आहो, अजूनही.

त्या दिवशी मी मोजलं नाई. मूल गावाले, माह्या माहेरी, बहिणीचं लग्न होतं. मोबाईलवर हळदीचे फोटो येत होते, अन् मी ते पाहत होती — हात चालू, तोंड बंद. वीतभर विणून झाल्यावर दिसलं, माह्या काठाचा एक दाता लांबला होता. तिथून पुढचे सारेच सरकले होते. सुमनबाईच्या डोळ्यातून त्या दिवसांत सारखं पाणी येई, तिले दिसलं नाई. अशा वेळी उसवावं लागते. पण कोशाचा धागा उसवताना तुटते, सारा दिवस जाते, अन् मले सकाळची बस पकडाची होती. कोणाले दिसते, म्हटलं, अन् विणत गेली. एवढंच असतं तर आज मी सांगत बसली असती का?

लुगडं उतरलं. काम देणारे मास्तर घरी आले. त्यांनी घडी घालून काठावर काठ ठेवला. दाते जुळेनात.

"कोणाच्या बाजूचं हे?"

आता नीट ऐका. आमच्या लुगड्याले उलटं-सुलटं नसते, दोन्ही अंगानं सारखंच. पालटलं का डावा काठ उजवीकडं येते. कापड पाहून चूक कोणाची, हे मास्तरलेही सांगता येत नव्हतं. ठाऊक होतं फक्त मले.

सुमनबाईनं काठावरून बोट फिरवलं. "माहंच असन जी मास्तर. नीट दिसूनच नाई राह्यलं."

अन् मी? मान खाली घालून धोटा पुसत बसली. भेकड!

मास्तरनं तिले मागावरून उठवलं. वीस वर्षं विणणारी बाई — धोट्यात घालाच्या कांड्यांवर धागा भराले बसली. तिची जागा मले भेटली, माह्या जागी शेजारीण आली.

इथी तरी थांबली का मी? काही महिन्यानं गावात डोळ्यांचं शिबिर झालं, तिले चष्मा भेटला. त्याच दुपारी मागापाशी आली, चष्मा लावून, नव्या नवरीसारखी लाजत. "अवो माय, दाते कसे साफ दिसून राह्यले! मास्तरले विचारू का? बसू का मी परत?"

मी म्हटलं, "नको बाई. पुन्हा चुकलं तर दोघींचंही काम जाईन."

हे मी घाबरून नाई बोलली, ठरवून बोलली. ती बसली असती, चष्म्यातून माह्या काठाची एखादी चूक तिनं पकडली असती, तर पहिली चूकही कोणाची होती हे घरातल्या सगळ्यांले कळलं असतं. "हो, तेही खरंच," सुमनबाई म्हणाली. चष्मा काढून पदरात पुसला अन् कांड्यांकडं गेली.

चार वर्षं झाली. आता माह्याकडं नवीन बाया काठ शिकाले येतात. सुमनबाई कांड्या भरता भरता त्यांले आपली चूक सांगते. "मोजा वो बायांनो. म्या नाई मोजलं, अख्खं लुगडं वाया गेलं." बाया हासतात. ती बी हासते. मी धोटा फेकत राहते.

सोमवारी मास्तर येतात. त्यांच्यासमोर, तिच्यासमोर, त्या बायांसमोर सांगणार आहो — काठ माहा होता, अन् मले तेव्हाच ठाऊक होतं. माग जाईन तर जाईन. माफी मागणार नाई. मागितली का ती तिथल्या तिथी देऊन टाकन, मले ठाऊक आहे. अन् तिच्यापासून मले आता काही घ्याचं नाई.