शेलला प्रश्न विचारायला शिकवणारे कांबळे सर

कांबळे सरांची पहिली भेट सांगलीत, विश्रामबागच्या संगणक केंद्रात झाली. मी पाटणची, घरातली पहिली पदवीधर. युनिक्स या संगणक प्रणालीच्या पुस्तकातल्या <( ) या चिन्हापाशी अडून बसले होते. फौजेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेले सर तिथे शिकवत. मी अर्थ विचारला, तर हसून म्हणाले, "मला कशाला इचारतीस पोरी? आपलं हुकूम घेतो त्यो शेल. त्यालाच इचार की. म्होरं एको लाव, दिलेलं जसंच्या तसं छापती ती कमांड, म्हंजे त्यो काय सरकवतोय ते दिसंल."

पुढे त्याच केंद्रात शिक्षिकेची जागा निघाली. ती मिळाली नसती, तर मला शिकवण्याचे स्वप्न सोडून पाटणला परतावे लागणार होते. निवडीसाठी समितीपुढे तास घ्यायचा होता. सातारा आणि सांगलीच्या विद्यार्थ्यांच्या नावांच्या दोन फायली मी घेतल्या. दोन्ही अकारविल्हे लावून त्यांतला फरक डिफ या कमांडने काढायचा, तोही मधल्या फायली न बनवता. दोन कंसांत क्रम लावणारी सॉर्ट कमांड दोनदा लिहून मी एका ओळीत तो काढला. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "पाठांतर छान आहे हो!" मी टिपणे आवरायला लागले.

तेवढ्यात तास ऐकायला मागच्या बाकावर बसलेले सर उठले. "मॅडम, एक शंका हाय. डिफला तर फायली लागत्यात. हितल्या फायली कुटं हायत?"

सरांनी मला 'मॅडम' म्हटलेले ते पहिल्यांदाच. मी डिफ पुसून एको लिहिले. पडद्यावर फायलींच्या पत्त्यांसारखी दोन नावे उमटली. मग मी समजावून सांगितले. शेल कंसातले काम सुरू करतो आणि कंसाच्या जागी डिफच्या हाती एक नाव देतो. ते फाईलच आहे असे समजून डिफ उघडते आणि सॉर्टने लावलेली नावे वाचते. एका कमांडचे उत्तर दुसरीकडे नेणाऱ्या पाइपमधून एकच प्रवाह येतो. इथे दोन हवेत, म्हणून ही सोय.

"अस्सं होय! पुन्हा एकदा दाखवा बघू," तेच गृहस्थ खुर्ची पुढे ओढत म्हणाले.

जागा मला मिळाली. आभार मानायला गेले, तर सर म्हणाले, "आभार कशाचं गं? म्हातारपणी लय शंका येत्यात." दुसऱ्याला उभे करताना स्वतः खाली बसणारी माणसे मी फार पाहिलेली नाहीत.

सर आता साठीत प्रवेश करत आहेत. मी पाटणला मुलींसाठी संगणकाचा वर्ग सुरू करते आहे. पहिला तास सरांनी घ्यावा, अशी विनंती केली. "तास तू घे. मी येतो, बसतो," एवढेच ते म्हणाले. सांगलीहून पाटणपर्यंतची एसटी हसत पेलणारी त्यांची प्रकृती पुढची कित्येक वर्षे अशीच ठणठणीत राहो.