गयाबाईच्या नावावरचा अंगठा

आधीच सांगून टाकतो, मी भुताखेतावाला माणूस नाही. चौकात कुणी उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं की मी बायकोला म्हणायचो, उचल, धू, सरबत होईल. ती कानावर हात ठेवायची. कुणी 'मला असा अनुभव आला' म्हणून सुरू झालं की माझं ठरलेलं — बाबा, आधी वायरिंग चेक कर. त्यामुळं हे लिहिताना माझी मलाच लाज वाटायली आहे. पण वर्ष झालं, डोक्यातून जात नाही... म्हणून लिहितो.

मी परभणीत राहतो. सीसीटीव्ही, अंगठ्याची हजेरी मशीन, कार्डानं किंवा बोटानं उघडणारी दारं — हेच काम. गेल्या मे महिन्यात पिंगळी स्टेशनच्या अलीकडं एका बियाण्यांच्या गोदामाचं काम घेतलं होतं. गोदामाचं नाव सांगत नाही, तिथल्या माणसांना उगीच ताप नको. आत एक कोल्ड रूम. बाहेर डांबर पातळ होईल असं ऊन आणि आत दाताला दात लागतील असा गारवा. दार वीतभर जाडीचं, वरून पत्रा. त्या दारावर इलेक्ट्रॉनिक लॉक बसवायचं होतं.

आता थोडं कामाचं सांगतो, कारण सगळा घोळ इथंच झाला. असली लॉकं दोन प्रकारची. एक, लाईट गेली की आपोआप उघडणारं. दुसरं, लाईट गेली तरी बंदच राहणारं. जिथं आत माणूस काम करतो तिथं पहिलंच बसवायचं, हे मला माझ्या उस्तादानं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. "आधी माणूस बाहेर, मालाचं मग बघू." पण मॅनेजर ऐकेना. "अहो, हितं दिवसातून चारदा लाईट जाती. दर बारीला दार उघडं टाकून बसू का? लाखाचं बियाणं हाय आत." गिऱ्हाईकाशी कोण वाद घालणार? बसवलं दुसरं. तरी हरकत नसते, आतून एक साधं बटण द्यायचं असतं. दाबलं की दार उघडतं. विषय संपला.

ते बटण मी आणायला विसरलो.

आतलं जुनं हँडल तर काढून झालेलं, भोकं बुजवलेली. म्हणलं, उद्या लावू. मग रात्री सेलूच्या एका जिनिंगवाल्याचा फोन आला, कॅमेरे बंद पडलेत, लगेच या. मी गोदामातल्या बायांना बजावून ठेवलेलं होतं, आत जाताना दारात वीट लावत जा, उद्या येऊन बटण बसवतो. एका दिवसानं काय होतंय! हे 'काय होतंय' आपल्याला कधी ना कधी नडतंच.

कोल्ड रूमचं दार बाहेरून दोघांच्याच बोटानं उघडणार होतं. एक मॅनेजर, दुसरी गयाबाई. गयाबाई म्हणजे पन्नाशीची बाई, आतल्या पोत्यांचा सगळा हिशोब तिच्या तोंडपाठ. आधी पंधरा वर्षं नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. त्या वर्षी पहिल्यांदाच गेली नव्हती, कारण दम्यानं बेजार झाली होती आणि घराजवळ हे काम मिळालं होतं. मशीनवर तिचा अंगठा काही उठेना. उजवा लावला, डावा लावला, पुसून लावला. कोयता आणि पाचटानं बोटं घासून गुळगुळीत झालेली.

"राहू द्या दादा," ती हसली. "रेशनच्या दुकानात बी माझा अंगठा कवा उठत न्हाई. सुनंला न्यावं लागतंय."

"मावशी, तुमाला कार्ड देतो. उद्या आणतो."

तोवर टेस्टिंग तर व्हायला पाहिजे, म्हणून गयाबाईच्या नावावर मी माझाच उजवा अंगठा नोंदवून टाकला. आमच्या धंद्यात सगळेच करतात हे. नंतर काढून टाकायचा. म्हणजे त्या दिवशी ते दार उघडू शकणारी जगात दोनच बोटं होती — मॅनेजरचं आणि माझं.

दुसऱ्या दिवशी सेलूत शिडीवर उभा होतो. दीडच्या सुमाराला फोन वाजला. शेवंता. गयाबाईबरोबरची, बाहेर बियाणं निवडणारी.

"दादा... दार लागलं. ट्रॉली वढताना वीट सरकली माझ्याच्यानं... गयाबाई आत हाय!"

"मॅनेजर कुठंय?"

"लग्नाला गेलेत नांदेडला. फोन लागंना. केबिनची किल्ली बी त्यांच्याच जवळ."

"आतून आवाज देतेत का?"

"दार वाजवायल्यात. दादा, त्यांचा पंप बाहेरच्या पिशवीत हाय!"

दम्याचा पंप. मी शिडीवरून कसा उतरलो, मला माहीत नाही. लाईट बंद करून फायदा नाही, कारण लॉक मीच तसं बसवलेलं. लॉक चालवणारा कंट्रोलर मॅनेजरच्या केबिनमध्ये, केबिनला शटर, शटरला आतलं कुलूप. नेट जोडायचं राहिलेलं, त्यामुळं मोबाईलवरूनही काही करता येईना. एकेक वाट मीच बंद करून ठेवली होती. शेवंताला म्हणलं, गेटवर जा, रोडला वेल्डर शोध, मिळेल त्याला घेऊन ये, पत्रा कापा.

गाडीला किक मारली आणि सुटलो. सेलूहून परभणी, तिथून पुढं पिंगळी... कितीही दामटली तरी सव्वा तास. गरम वाफ तोंडावर येत होती आणि माझे हात मात्र गार पडले होते. भीतीनं पडतात, ते मलाही कळतं. वाटेत एकदा थांबून शेवंताला फोन लावला. ती म्हणाली, "आता दार वाजवायचं बंद झालंय."

त्याच्यानंतर मी हेल्मेटच्या आत एकच वाक्य बोलत राहिलो. "चुकलं माय, माझं चुकलं. चुकलं माय." वेड्यासारखं. गाडीच्या आवाजात ते माझं मलाही धड ऐकू येत नव्हतं.

परभणीच्या अलीकडं रेल्वे फाटक लागलं. बंद! मालगाडी, तिचे डबे संपता संपेनात. मी फोन काढला, अनलॉक करायला अंगठा लावला. जुळेना. घाम आला असेल म्हणून शर्टला पुसून लावला. जुळेना. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा... शेवटी पिन टाकून उघडला आणि शेवंताला लावला. ही वेळ माझ्या कॉल लिस्टमध्ये आजही आहे — दोन सव्वीस.

"दादा, आमी गेटवरच हावोत. वॉचमनकाका बी हायती. वेल्डर निघालाय म्हणतेत."

"कुणी आत गेलंय का?"

"कुणीच न्हाई दादा. गेटला आमी दोघंच."

फाटक उघडलं. पुढचा रस्ता मला आठवत नाही.

पोचलो तेव्हा तीन वाजत आले होते. गेटवर कुणी नव्हतं. आत पळालो आणि बघतो तर गयाबाई कोल्ड रूमच्या बाहेर भिंतीला टेकून बसलेली. अंगावर रिकामी पोती गुंडाळलेली, हातात पंप, ओठ निळसर, पण श्वास चालू. दार सताड उघडं. वेल्डरचं सामान तसंच न उघडलेलं पडलेलं.

मी तिथंच फरशीवर बसलो आणि हमसून हमसून रडलो, खोटं कशाला सांगू. शेवंता पण रडायली. एकटी गयाबाई शांत. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "आता कामून रडायलाव दादा? मगाशी रडून झालं न्हाई का?"

"मगाशी म्हंजी?"

"दार उघडलं तवा."

मला वाटलं, बाईला भ्रम झालाय. गारठ्यानं, दम कोंडल्यानं होत असेल. मी शेवंताकडं बघितलं. ती म्हणाली, "आमी वेल्डरला घेऊन आलो तर दार उघडंच व्हतं. या हितं बसलेल्या."

"मावशी, दार कुणी उघडलं?"

गयाबाईला माझा प्रश्नच कळेना. "तुमीच की! मला तर वाटलं, आता काय आपण लेकराबाळात जात न्हाई. तेवढ्यात दार उघडलं. तुमी उभे. डोस्क्यावर ती टोपी व्हती गाडीची. माझा हात धरला, हितं आणून बसवलं. तुमचा हात लय गार व्हता दादा, माझ्यापेक्षा बी गार. म्हणलाव, 'चुकलं माय.' अन् गेलाव तिकडं."

'तिकडं' म्हणून तिनं बोट दाखवलं, तिकडं भिंत आहे.

ते वाक्य मी हेल्मेटच्या आत बोललो होतो. शेवंताला फोनवर बोललो नव्हतो, कुणालाच नाही.

संध्याकाळी मॅनेजर परत आला, पार पांढरा पडलेला. केबिन उघडून आम्ही मशीनची नोंद काढली. त्या दिवशीच्या दोनच ओळी. सकाळी नऊ वाजता मॅनेजर, बोट. दुपारी दोन सव्वीस — गयाबाई, बोट.

म्हणजे माझा अंगठा.

आता तुम्ही म्हणाल, वायरिंग चेक कर. केलं! एकूण एक जोड तपासला. लॉकमध्ये बिघाड होऊन दार उघडू शकतं, मान्य. पण मग बोटाची नोंद पडत नाही. मशीनचं घड्याळ फोनशी लावून बघितलं, बरोबर होतं. बोट ओळखणारं यंत्र बाहेरच्या बाजूला, गयाबाई आतल्या बाजूला. दुसऱ्या कुणाचं बोट चुकून जुळलं म्हणावं, तर गोदामात दुसरं होतं कोण? गेट एकच, तिथं दोन माणसं उभी. आणि दोन सव्वीसला मी फाटकावर मालगाडीचे डबे बघत उभा होतो, फोन माझा अंगठा ओळखत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी ते लॉक काढलं आणि लाईट गेल्यावर उघडणारं बसवलं. आतून बटण लावलं, शंभर वेळा दाबून बघितलं. मग गयाबाईला कार्ड दिलं आणि तिला खरं काय ते सांगितलं. "मावशी, मी आलोच नव्हतो. मी तवा परभणीच्या अलीकडं होतो."

तिनं माझ्या हाताकडं बघितलं. "असं कसं? मी धरला की तुमचा हात."

मी मशीनवर बसलो, तिच्या नावावरचा माझा अंगठा काढून टाकायला. तिनं माझं मनगट धरलं.

"राहू द्या दादा. परत कवा लागला तर?"

नियमाप्रमाणं काढायलाच पाहिजे होता. नाही काढला. आता कुणी असले अनुभव सांगायला लागलं तर मी गप बसून ऐकतो.

अजून एक सांगायचं राहिलं. त्या दिवसापासून माझा उजवा अंगठा कुठल्याच मशीनवर उठत नाही. फोनवर नाही, बँकेत नाही, रेशनच्या दुकानात नाही. बघायला गेलं तर रेषा सगळ्या जागेवर आहेत. मागच्या महिन्यात सर्व्हिसिंगला पिंगळीला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम त्या दारावरही लावून बघितला. गयाबाईच्या नावावर तो अजून तसाच नोंदलेला आहे. लाल दिवा लागला आणि मशीन म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.